खोटी उडी

मी खुर्चीवरून उठले की सर कीबोर्ड पुसायचे.

रुमालाचं टोक पाण्यात बुडवायचे आणि एकेक बटण पुसायचे. "धूळ फार आहे जळगावात," म्हणायचे. माझ्याआधी दोघं जण त्याच खुर्चीवर बसून गेलेले असायचे. त्यांच्यानंतर धूळ नसायची.

पहिल्याच दिवशी गाव आणि आडनाव ऐकून त्यांनी विचारलं होतं, बोदवडला घर कुठे? नाल्यापलीकडे, मी सांगितलं. पुढे काही विचारलं नाही. गरजच नव्हती.

बाप सावद्याला केळीच्या गाड्या भरायचा. मी फिजिक्सची एम.एस्सी. झाले आणि सरांकडे पीएच.डी.ला नाव घातलं. नव्वदीच्या दशकाची अखेर. डिपार्टमेंटला एकच बरा कॉम्प्युटर.

काम असं. तांब्याच्या पृष्ठभागावर एक अणू ठेवायचा आणि तो उडी कधी मारतो ते कॉम्प्युटरवर बघायचं. अणू खड्ड्यात बसल्यासारखा असतो. जागच्या जागी थरथरतो. आठवडा गेला तरी मशीन नुसती थरथर मोजत राही. मग परदेशातल्या एका पेपरची झेरॉक्स हाती लागली. त्यात युक्ती होती. खड्ड्यात भराव टाकून तळ वर उचलायचा. उडी लवकर पडते, आणि एरवी किती वेळ लागला असता ते गणिताने काढता येतं. अट एकच. खड्ड्याच्या काठावर, जिथून अणू उडी मारतो तिथे, भराव शून्य पाहिजे. काठ बुडाला की उडी खोटी.

कित्येक आठवडे मी तो भराव बसवत होते. थोडा वाढवायचा, काठ तपासायचा, परत कमी करायचा. आणि याच दिवसांत कधीतरी मी उठण्याआधी स्वतःच ओढणीने बटणं पुसायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. सरांच्या रुमालाचं एवढं नाही, पण माझी ती ओढणी आठवली की आजही अंगावर काटा येतो.

पहिली खरी उडी पडली तेव्हा खोलीत मी एकटी होते. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून वहीत लिहून ठेवली.

धुळ्याला परिसंवाद ठरला. सरांना उड्या जास्त हव्या होत्या. त्यांनी भरावाचा आकडा तिप्पट केला.

"सर, काठ बुडतो," मी म्हटलं.

"ग्राफ भरलेला दिसतो ना? झालं तर मग."

धुळ्यात पडद्यावर एकच नाव. त्यांचं. मी शेवटच्या रांगेत. भाषण संपल्यावर बाहेरगावच्या एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "काठावर भराव शून्य आहे, हे तपासलंत का?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ही आमची टायपिस्ट. अगं, सांग बाईंना, तपासलंय म्हणून."

सभागृहात कुणीतरी हसलं. ते हसू अजून येतं. भांडी घासताना. वर्गात शिकवताना फळ्याकडे वळले की, पाठीमागून.

मी उभी राहिले. वही वर धरली.

"नाही. काठ बुडालाय. या उड्या खोट्या आहेत. खऱ्या उड्या या वहीत आहेत. हे काम मी केलंय. मी टायपिस्ट नाही."

"खाली बस," सर म्हणाले.

मी बसले नाही.

आठवड्याच्या आत माझं नाव कमी झालं. खोलीचं कुलूप बदललं. आई धुळ्याकडची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू खरं बोलनी ना? मंग रडस कसाले?"

मग डिपार्टमेंटचा क्लार्क निरोप घेऊन आला. माफीचं पत्र दे, सर पोटात घालतील. मी पत्र लिहिलं. माफीचं नव्हे. घडलं ते क्रमाने लिहिलं, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आणि वर, कुलगुरूंकडे पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं.

पीएच.डी. मी पुढे दुसरीकडे केली. सर सत्कार घेऊन निवृत्त झाले. धुळ्याच्या भाषणाचा त्यांनी पेपर छापला होता; तो अजून तसाच आहे, त्यांच्या एकट्याच्या नावावर, चुकीच्या ग्राफसकट.

तो मागे घ्यावा लागेल. तोवर मी पत्रं लिहीत राहणार आहे. ज्यांना वाचायला जड जातं, त्यांनाच आधी पाठवणार आहे.