काहीतरी बॅटरी पितंय

बाबांना तपासून डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "यांच्याकडून गाडीची चावी काढून घ्या." मी मान डोलावली आणि घरी येऊन काहीच केलं नाही. आठ महिने. माझ्यासारखी शहाणी मीच.

माझे बाबा गाड्यांचे वायरमन. चाळीस वर्षं लोकांच्या डॅशबोर्डाखाली उलटं पडून काम केलेला माणूस. दातांनी वायर सोलायची खोड, त्यामुळे पुढच्या एका दाताला खाच पडलेली. बिघाड सापडेपर्यंत जेवायला यायचे नाहीत. आई ताट झाकून ठेवून वैतागायची. फुशारकी मारायचे ती एकच: "मी हात लावलेल्या गाडीची बॅटरी उभ्याउभ्या उतरली, असं कुणी दाखवून द्यावं." कुणी कधी दाखवून दिलं नाही.

आई गेली आणि वर्षभरात बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची तोंडं. एके दिवशी दूध आणायला म्हणून गाडी घेऊन गेले ते संध्याकाळी परतले. चाकांना लाल माती. आमच्या आसपास कुठेही लाल माती नाही. "कुठे गेला होतात?" तर म्हणे, "इथेच." पुढच्या खेपेला बंपरला खोक पडली होती. कशावर आपटली ते त्यांना सांगता येईना. मी तीन दिवस पेपरात अपघाताच्या बातम्या शोधत होते. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

तरी चावी मागवेना. अख्ख्या गावानं ज्यांच्या हातात डोळे झाकून चाव्या दिल्या, त्यांच्यापुढे मी हात पसरून म्हणायचं, 'द्या ती इकडे'? एकदा म्हटलंही. ते हळूच म्हणाले, "माझं काही चुकलं का गं?" झालं! "छे हो," मी म्हणाले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

मग मी तोडगा काढला. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन, त्यातला. गाडीत जीपीएस बसवायचा. काडेपेटीएवढा डबा, लपवून ठेवायचा. गाडी कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर निळ्या ठिपक्यानं दिसणार. त्यासाठी टेस्टरला बोलावलं. टेस्टर हे गॅरेजमध्ये पडलेलं नाव; बाबांच्याच हाताखाली तयार झालेला वायरमन. आता स्वतःचं गॅरेज आहे, पोट सुटलंय, पण बाबांसमोर अजून खुर्चीत बसत नाही. दुपारी बाबा झोपलेले असताना त्यानं डॅशबोर्ड उघडला आणि थबकला.

"ताई, वायर कुठून घेऊ? चावीच्या लाइनवरून घेतली तर चावी काढली की हा उपाशी. याची स्वतःची बॅटरी दोन-तीन तास चालेल, पुढे ठणठणाट. थेट गाडीच्या बॅटरीवरून घेतली तर कायम जागा राहील, पण थोडा थोडा करंट खात बसेल."

"थेट घे. कुठेतरी गाडी बंद करून बसले तर मला कळायला हवं."

"मास्तरांच्या लक्षात आलं तर जोड्यानं मारतील मला."

"त्यांना माझा वाढदिवस लक्षात राहत नाही," मी म्हणाले. "तुझा करंट काय राहतोय!"

इथेच माझं चुकलं.

गाडी जुनी, बॅटरी त्याहून थकलेली. पाचव्या दिवशी बाबांनी चावी फिरवली आणि इंजिन नुसतं कण्हलं. बाबा खाली उतरले. किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर जाग दिसली. "काहीतरी बॅटरी पितंय," म्हणाले. बॉनेट उघडलं, बॅटरीचं टर्मिनल सोडवलं, मध्ये मीटर लावला आणि एकेक फ्यूज उपसत काटा पडतो का बघू लागले. सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं त्यांना, पण हात एकदाही चुकला नाही. मला कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली. चौथ्या फ्यूजला काटा पडला. माझ्या मोबाइलवर लगेच सूचना आली: वीज तुटली.

डबा त्यांना दिसला नव्हता, फ्यूज मात्र त्यांनी काढूनच ठेवला. दुसऱ्या दिवशी टेस्टरनं वायर दुसऱ्या फ्यूजवर घेतली. बाबांनी तोही शोधला. तिसऱ्यांदा त्यानं डबा मागच्या सीटखाली नेला आणि घाम पुसत म्हणाला, "गुरूची विद्या गुरूलाच दाखवतोय, ताई. पाप लागेल." आम्ही हसलो. पण त्या आठवड्यात बाबा रोज गाडीत जाऊन बसायला लागले. इंजिन बंद, काचा वर, कान लावून. "आत कुणीतरी आहे," एकदा मला हळूच म्हणाले. "चावी काढली तरी जागं असतं." माझ्या अंगावर काटा आला, कारण ते खरं होतं.

मी नोंदणी कचेरीत खिडकीवर बसते. त्या मंगळवारी साडेदहाला मोबाइल वाजला: वीज तुटली. घरी फोन लावावा म्हणेपर्यंत दुसरी सूचना आली: वीज आली. ठिपका घरावरच. फ्यूज काढून परत लावला असणार, म्हटलं. जीव भांड्यात पडला. दिवसभर दर अर्ध्या तासानं बघत होते. ठिपका घरावर. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या खिडकीवालीला फोन दाखवून मिरवलंसुद्धा, "बघ काय सोय आहे! म्हातारा घरी, मी निवांत."

सहाला घरी आले तर दारात गाडी नव्हती.

मोबाइल बघितला. ठिपका घरावर. धावत आत गेले. मागच्या खोलीत बाबांचं कामाचं टेबल आहे, त्यावर एक जुनी बॅटरी असते. डबा तिथे होता. लाल वायर लालला, काळी काळ्याला, चिमट्यांनी नीट जोडलेली. डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बाजूला चिठोऱ्यावर बाबांचं अक्षर: 'कुणाचं आहे माहीत नाही. बंद पडू देऊ नये.'

दुसऱ्याची वस्तू त्यांनी आयुष्यात कधी बिघडू दिली नव्हती. मी टेस्टरला आणि पोलिसांना फोन लावला.

पोलिसांनी विचारलं, "नेहमी कुठे जातात?" मला एकच गोष्ट माहीत होती, लाल माती. ती ऐकून टेस्टरला गावापासून लांब, बंद पडलेली लाल मुरमाची खाण आठवली. उजाडताच तो तिकडे गेला आणि त्याचा फोन आला. "ताई, या लवकर. मास्तर आहेत. पण लांबूनच उतरा, आणि मोठ्यानं हाक मारू नका."

गाडी अगदी कडेवर उभी होती. पुढच्या चाकांपुढे हातभर जमीन, त्यापलीकडे खोल खड्डा आणि काळं पाणी. बॉनेट उघडं. बाबा त्या हातभर जागेत उभे राहून बॉनेटमध्ये वाकले होते, पाठ खड्ड्याकडे. टेस्टर दहा पावलांवर पुतळा होऊन उभा.

"बाबा," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती. 'बाबा' म्हणणारी ही कोण बाई, असं बघत ते अर्धं पाऊल मागे सरले. टाचेखालून खडे सुटले आणि बऱ्याच वेळानं पाण्यात पडल्याचा आवाज आला. आता मुलगी म्हणून एक शब्द जरी काढला तरी हा माणूस मागे जाणार, हे मला कळलं.

"मास्तर," मी म्हणाले, "माझी गाडी झाली का?"

ते हसले. गिऱ्हाईकाकडे बघून हसायचे तसं. "झाली की!" बॉनेट हळूच मिटलं, हात शर्टाला पुसले आणि गाडीला धरून धरून एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आले. टेस्टरनं मागून येऊन त्यांचा दंड धरला. बाबांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. आठ महिने मला मागता आली नाही ती चावी त्यांनी परक्या बाईला आनंदानं दिली.

"निर्धास्त जा आता," ते म्हणाले. "आणि पुन्हा काही अडलं तर घरी या. मी नसलो तरी माझी मुलगी असते."