अदस आणि अदसा

आमच्या वगीह दाजींनी आयुष्यात एकच निर्णय झटपट घेतला, तो म्हणजे माझ्या ताईशी लग्न. तोही खरं तर त्यांच्या आत्याने घेतला होता, यांनी नुसती मान हलवली.

ही इन्साफ आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. दाजींचे आईबाप लवकर गेले, तिनेच त्यांना वाढवलं. आमच्या शुब्रा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात बैठकीच्या भिंतीवर आत्याच्या नवऱ्याचा फोटो आहे. ऐन तिशीत गेला बिचारा. त्याच्या शेजारी एक रिकामा खिळा, आत्याने स्वतः ठोकलेला. "तिथे मी," ती म्हणायची. "पण मेल्यावर लावाल तर याद राखा. मला जिवंतपणी बघायचाय, याच डोळ्यांनी." आणि त्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता.

मोबाइलवर काढलेला तिला चालेना. "यांचा मोठ्या पेटीच्या कॅमेऱ्यावर काढलाय, माझाही तसाच हवा. नवरा-बायकोत भेदभाव नको."

"आत्या, मी काढतो!" दाजी म्हणाले. भूमापन खात्यातून निवृत्त माणूस, वेळच वेळ. एका बंद पडलेल्या स्टुडिओतून ते भात्याचा लाकडी कॅमेरा घेऊन आले. तिवई होती, डोक्यावर घ्यायचं काळं कापड होतं, तळहाताएवढी फिल्म घालायच्या चौकटी होत्या. नव्हतं ते फक्त भिंग. घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

पहिल्या फेरीला मीही बरोबर होतो. आर्शाकचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आमच्या दोन गल्ल्या पलीकडे. त्याने विचारलं, "काय काढायचंय?"

"आत्या."

"बसलेली की उभी?"

"बसलेली."

त्याने फळीवरून एक भिंग उचलून पुढ्यात ठेवलं. "दोनशे दहा मिलिमीटरचं. चेहऱ्याला उत्तम. ने आणि काढ."

दुसरा कुणी असता तर नेलं असतं आणि काढला असता. दाजींनी भिंग उजेडात धरलं, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. "पण उद्या मला नाईल काढावीशी वाटली तर?"

"मग उद्या ये," आर्शाक म्हणाला आणि त्याने चहा मागवला.

झालं! प्रकरण कहव्याच्या दुकानात गेलं. आणि आमच्या कहव्यात एकदा प्रकरण गेलं, की त्याचा निकाल कयामतीलाच लागणार. निवृत्त स्टेशनमास्तर हुस्नी हुक्क्याची नळी उगारून म्हणाला, "नव्वदचं घे, रुंद! आत्या, सोफा, खिडकी, अख्खी गल्ली मावेल." दुसऱ्या दिवशी त्याचंच मत फिरलं. "तीनशेचं घे. लांबून काढ, आत्या ओरडणार नाही." तीनशेच्या भिंगाला कॅमेऱ्याचा भाता पुरेना, तो ताणून ताणून फाटायची वेळ आली. मग हुस्नीने घरातल्या छोट्या कॅमेऱ्याचं भिंग काढून दिलं. ते लावून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पाहिलं, तर मध्ये गोल आणि भोवती काळोख. आत्या बशीत बसवल्यासारखी दिसत होती.

त्यात आमची भाषा. मसुरीला आम्ही म्हणतो अदस, आणि भिंगाला म्हणतो अदसा. फरक एका कान्याचा. एका दुपारी ताईने कांदा परतायला टाकला आणि दाजींना पिटाळलं, "अहो, अदस घेऊन या, सूप करतेय." वाटेत आर्शाकचं दुकान. दाजी परतले तेव्हा कांद्याचा कोळसा होऊन भांडंही गार झालं होतं. आणि हात? रिकामे! ना अदस, ना अदसा. तेव्हापासून कहव्यात त्यांचं नाव पडलं 'अबू अदस', म्हणजे मसुरीचे तीर्थरूप.

कॅमेरा बैठकीत उभाच. ताईने वैतागून त्याला लसणाच्या माळा अडकवल्या. इकडे आत्या चहा पेल्याच्या शेजारी ओतायला लागली. एकदा खुंटीवरच्या कोटाला "बस ना बाबा, उभा का?" म्हणाली. मला राहवेना.

"दाजी, म्हातारी आंधळी होईल, मग तो फोटो काय चाटायचाय?"

"अरे, पहिलं भिंग आहे हे, सामेह. पहिलंच चुकलं की हात बिघडतो."

"हात वापराल तर बिघडेल ना!"

शेवटी आत्याच मला म्हणाली, "मला डॉक्टरकडे ने. याच्या भरवशावर बसले तर खिळासुद्धा दिसायचा नाही."

डॉक्टरीण तरुण, गोड बोलणारी. तिने डोळा तपासला आणि म्हणाली, "आजी, आत नवी अदसा बसवावी लागेल. दोन-तीन प्रकार आहेत. कुणाला लांबचं हवं असतं, कुणाला जवळचं. घरी जाऊन नीट विचार करा."

आत्या खुर्चीत ताठ झाली. "घरी? घरी विचार करणारा एक आहे, तेवढा पुरे. जिच्यातून दिसेल ती बसव, पोरी."

पट्टी निघाली त्या दिवशी आम्ही सगळे बैठकीत होतो. आत्याने आधी नवऱ्याचा फोटो पाहिला. मग खिळा. मग लसणाच्या माळा घातलेला कॅमेरा, तिथे ती जरा हसली. मग तिची नजर दाजींवर आली आणि तिथेच थांबली.

"वगीह," ती म्हणाली, "तू एवढा म्हातारा कधी झालास रे?"

दाजी आधी हसले. मग हसू तोंडावरच सुकलं. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. आले ते दोनशे दहा घेऊन. त्याच फळीवर पडलं होतं ते, पहिल्या दिवशी ठेवलं होतं तिथेच.

लसूण उतरवला. आत्या तपकिरी मखमलीचा झगा घालून बसली. दाजी काळ्या कापडाखाली शिरले ते बाहेरच येईनात. मला वाटलं, आता काच साफ करायचा विचार सुरू झाला असेल. कापड वर करून डोकावलो, तर ते रडत होते.

"उलटी दिसतेय रे," ते म्हणाले.

"या काचेवर सगळ्यांनाच उलटी दिसते, दाजी. काढा आता."

फोटो देखणा आला, खोटं कशाला बोलू. पापणीन् पापणी मोजावी इतका लख्ख. ताईने तो खिळ्यावर लावला. आत्या समोर उभी राहून एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा स्वतःकडे.

"भिंग चांगलं निवडलंस," ती म्हणाली. "पण हा आता माझा नवरा वाटत नाही रे. नातू वाटतो." तिने त्याची चौकट बोटाने सरळ केली. "मला धुरकट दिसत होतं ना, तेव्हाच काढला असतास, तर जोडा शोभला असता."

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण सवय जाते थोडीच! "आत्या, जरा मऊ काढणारंही भिंग मिळतं. मी उद्या आर्शाककडे जाऊन बघतो..."

आत्याने त्यांचा हात घट्ट धरला. "आता काही बघू नकोस. हा राहू दे, मला आवडलाय. जा, अदस घेऊन ये. भूक लागलीय मला."

दाजी खाली गेले, आणि अल्लाची शप्पथ, पहिल्याच दुकानातून अदस घेऊन आले.