मक्यातला माझा आवाज

शाळा मी तिसरीत सोडली, पण हाक मारण्यात मला हरवणारा माणूस आमच्या शिवारात झाला नाही. वावरात उभा राहून मी घरी बुढीला, म्हणजे बायकोला, चहा सांगायचो, आणि चहा यायचा. मध्ये दोन वावरं. म्हणून तर मी मोबाइल कधी खिशात ठेवला नाही. तो घरीच पडलेला असायचा. आवाज असताना मोबाइल कायले पाहिजे?

दोन वर्षांमागे पोराने भोंगा आणला. आता बहुतेकांच्या वावरात तो दिसतो. फवारणीच्या पंपाची बॅटरी, वर कर्णा, आत एक चिप. दिवसा वांदरं आणि पोपट हाकलायचे, रात्री रानडुकरं. दुकानवाल्याने त्यात कुत्र्याचं भुंकणं भरून दिलं होतं. मला ते पटलं नाही.

"माह्या वावरात कुत्रं काहून भुकन? मी मेलो काय?"

"मंग तुमीच भुका," पोरगा म्हणाला आणि मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला.

मीही इरेला पेटलो. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "हुर्रऽऽ हा! कोन हाय रे तिकडं? धावा रे, धावा! आला रे आला!" जनावराला वाटलं पाहिजे की दहा माणसं काठ्या घेऊन येऊन राह्यली. शेवटी मला खोकला आला, तोही त्यात गेला. पोरगा पुसत होता, मी पुसू दिला नाही.

पहिल्या दिवशी मी ओसरीवर चहा पीत होतो आणि वावरातून माझा आवाज आला. कप ओठाशी तसाच राहिला. मी इथं, आणि मीच तिकडं ओरडतो आहे. आमच्या कुत्र्याने कान टवकारले. माझ्याकडे पाहिलं, वावराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग उठला आणि वावराकडे चालता झाला. त्या दिवसापासून तो भोंग्याखालीच बसू लागला. मी हाक मारली तर शेपटी हलवायचा, पण तोंड कर्ण्याकडे.

बुढी चुलीपुढून सवयीने "आली, आली" म्हणायची आणि मला बाजूलाच बसलेला पाहून दचकायची.

"अवो, मंग तिकडं कोन हाय?"

पुढे पुढे ती हे हसून म्हणायची. पहिल्यांदा हसली नव्हती.

मलाही एक खोड लागली. भोंगा खोकला की माझ्या घशात खवखवायचं आणि त्याच्यामागून मी खोकायचो.

मागच्या हिवाळ्यात मका दाण्यावर आला होता. पोरगा वांगी घेऊन रिसोडच्या बाजारात गेलेला. सकाळचं ऊन वर आलं तेव्हा मी पाण्याचा पाइप पाहायला मक्यात शिरलो आणि माझा पाय नालीत गेला. तुरीची वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा खुब्यातून आवाज आला. आधी आवाज ऐकला, कळ मागून आली.

उठता येईना. मी ओरडलो, "धावा रे, धावा!"

माझ्या डोक्यावरून माझाच आवाज गेला, माझ्यापेक्षा मोठा. "धावा रे, धावा! आला रे आला!" आणि खोकला.

रस्त्यावर एक मोटारसायकल हळू झाली. मी जीव खाऊन "पडलो रे, पडलो" ओरडलो, पण मक्याच्या बुडातून शब्द वर जाईना. नुसता "रे" तेवढा गेला असेल.

"बुढ्याच्या भोंग्याले दम नाई लागत," एक जण म्हणाला. दुसरा हसला. गाडी गेली.

मग नुसती मक्याची पानं एकमेकांना घासत राहिली. पोपट माझ्या अंगावर दाणे सांडत कणसं खात होते. ते ना भोंग्याला भीत होते, ना मला. दर थोड्या वेळाने तो विचारायचा, "कोन हाय रे तिकडं?"

एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हाव."

तो खोकला. पुन्हा तेच विचारायला लागला. आयुष्यभर रानात राहिलो, साप पाहिले, डुक्कर अंगावर आलेलं पाहिलं. पण आपलाच आवाज आपल्याला ओळखत नाही, अशी भीती कधी वाटली नव्हती. घरी बुढी भाकरी थापत असेल. तो ओरडत होता तोवर तिच्यासाठी मी धडधाकट होतो.

तेव्हा मी कोपरांवर सरकत निघालो. बारा-पंधरा हात जायला किती वेळ लागला सांगता येत नाही. भोंग्याखाली आमचा कुत्रा बसला होता. मी बॅटरीकडे हात नेला तर तो माझ्यावर गुरगुरला. माझ्या हातची भाकर खाल्लेला कुत्रा. तरी मी वायर धरली आणि ओढली.

"कोन हाय..." एवढ्यावर तो थांबला.

आणि पोपटांचा थवाच्या थवा भर्रकन उडाला. आवाजाला न भिणारी पाखरं शांततेला भ्याली.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तिला पुन्हा भोंगाच वाटला असता. जन्मात पहिल्यांदा मदत पाहिजे असताना गप्प पडून राहिलो आणि ऐकत राहिलो. कितीतरी वेळाने मका खसखसला. बांगड्या वाजल्या. अनवाणी पाय धावत येत होते.

"अवो, काहून बंद झाले तुमी?" तिच्या हाताला पीठ तसंच होतं. "मले वाटलं, गेलेच."

खुब्यात आता सळई आहे. भोंग्यात पोराने कुत्र्याचं भुंकणं भरलं, मी भरू दिलं. आमचा कुत्रा दोन दिवस त्याच्यावर भुंकला आणि तिसऱ्या दिवशी घरी आला. मी काठी टेकत धुऱ्यावर जाऊन बसतो. कामातून उठून बुढी अंगणातून हाक मारते, "हाव काय?" मी म्हणतो, "हाव."

कधी कधी मुद्दाम म्हणत नाही. तिची पावलं मक्यातून ऐकू येईपर्यंत श्वास धरून बसतो, आणि मग आल्यावर तिच्या शिव्या खातो.