रत्नअण्णांची गिटार आणि विमलअक्कांचा गळा

राजेश्वर गावच्या गुरांच्या दवाखान्यात बुद्धरत्न सोनकांबळे कंपाउंडर होते. म्हशीला सलाईन लावायची असो की बैलाच्या खुराला मलमपट्टी, त्यांचा हात हलका. तोच हात गिटारवरही चालतो, असं आमच्या भागात कौतुकानं बोललं जायचं. सगळे त्यांना रत्नअण्णा म्हणत. त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीत मी बावीस वर्षं ढोलकी वाजवतोय, त्यामुळं हे जे सांगतोय ते बहुतेक माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

पार्टीच्या गायिका विमलबाई. अण्णांहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. आठवडाभर दुसऱ्याच्या तुरीत खुरपायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशी पांढरी साडी नेसून माइकसमोर उभं राहायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. अण्णा त्यांना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, कुणाच्या घरभरणीला, भालकीपासून आळंदपर्यंत आम्ही जायचो. अण्णांनी वायरी जोडून पहिली तार छेडली की मांडवाच्या पार मागं बसलेली माणसं म्हणायची, राजेश्वरची पार्टी आली. आवाजच तसा होता. भरदार, जरासा नाकातला, लांबून कुणी हाक मारावी तसा पुढं येणारा.

कुणी विचारलं की हा आवाज येतो कुठून, तर अण्णा उजव्या हाताची बोटं दाखवायचे. लातूरचा एक गिटारवाला एकदा कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या अॅम्प्लिफायरच्या लाकडी पेटीमागं वाकून बघायला लागला. आत स्पीकर कुठला आहे, ते त्याला बघायचं होतं. अण्णा हसले. पेटीत काही नसतं, सगळं हातात असतं, असं त्याला सांगितलं. आम्हालाही ते पटलेलं होतं. पेटी बसवकल्याणच्या शंकरप्पा रेडिओवाल्यांनी तीस वर्षांपूर्वी फळ्या ठोकून बनवलेली होती. तिच्या आत कधी कुणी डोकावलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मादन हिप्परग्याला दुपारचा कार्यक्रम होता. सामान आवरताना माइकचा लोखंडी स्टँड कलंडला. पेटीच्या पुढचं जुनं कापड फाडून तो थेट स्पीकरच्या कागदी पडद्यात घुसला. कागद काठापासून मधल्या कॉइलपर्यंत चिरला. भालकीकडच्या मेहकरचा कार्यक्रम चार दिवसांवर होता. अण्णांनी कलबुर्गीला जाऊन तेवढ्याच मापाचा, बारा इंची, नवा स्पीकर बसवून आणला. डीजेच्या खोक्यात असतो तसला. जाड काळा कागद, काठाला कापडाची जाड पट्टी. दिसायला एकदम दणकट.

मेहकरला तार छेडली, तर पोत्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा आवाज आला. खालचे सूर नुसते धबधबत होते. अण्णांनी बटणं फिरवली, तारा बदलल्या, काही उपयोग झाला नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी दुसरा स्पीकर आणला. त्याच्या मोठ्या कागदाच्या मधोमध आणखी एक लहान टोपी होती. याच्यातून सगळं ऐकू येतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. ते खरंच होतं. पण दाताखाली वाळू यावी तशी प्रत्येक सुराला चरचर यायला लागली.

अण्णा कार्यक्रम टाळायला लागले. दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारी बोटं चोळत बसलेले दिसायचे. एकदा मला म्हणाले, "वय झालं बघ. हात गेला माझा."

मला ते खरं वाटलं नाही. म्हटलं, पेटी ज्यांनी बनवली त्यांच्या दुकानात एकदा जाऊन तर बघू. शंकरप्पा वारले होते, पण त्यांची मुलगी दानेश्वरी दुकान चालवते, फाटलेल्या स्पीकरांना नवे कागद बसवते, असं ऐकलं होतं. एका रविवारी आम्ही पेटी आणि तिन्ही स्पीकर घेऊन निघालो. अक्कांचं चष्म्याचं काम होतं, म्हणून त्याही आल्या.

दानेश्वरी चाळिशीची, कमी बोलणारी बाई. तिनं फाटलेला स्पीकर टेबलावर पालथा घातला, लोहचुंबकावरची धूळ पुसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की हा तिच्या अप्पांनी बसवलेला आहे. गावोगाव फिरणारी टुरिंग टॉकीज बंद पडली तेव्हा तिचे स्पीकर त्यांनी आणले होते. गिटारसाठी वेगळा स्पीकर मिळतो, हे तेव्हा इकडं कुणाला ठाऊक होतं? हाताशी होता तो लावला.

अण्णांनी विचारलं, मग नव्या दोघांचं काय बिनसलं? तिनं डीजेच्या स्पीकरचा कागद बोटानं दाबून दाखवला. तो जड असतो, ढोल वाजवायला केलेला असतो, गिटारच्या मधल्या सुरांना तो हलतच नाही. दुसऱ्याची लहान टोपी वरची बारीक कुरकुरसुद्धा बाहेर काढते, आणि गिटारला ती नकोच असते. जुन्याचा कागद पातळ होता. वरचं तो स्वतःच गिळायचा आणि मधलं पुढं ढकलायचा.

"मग माझा हात?" अण्णा म्हणाले.

तिनं फाटलेल्या स्पीकरवर बोट टेकवलं. "हात तुमचाच हाय, अण्णा. पण लोकांना ऐकू यायचा तो ह्याच्यातनं."

अण्णांनी विचारलं, हाच दुरुस्त होईल का? कागद बसवता येईल, ती म्हणाली, पण तसला पातळ कागद आता मिळत नाही. नवा बसवला तर तो नवाच स्पीकर होणार. तिच्याकडं गिटारचे दोन स्पीकर होते. आधी तिनं मीटर लावून दोन्ही अण्णांच्या अॅम्प्लिफायरला चालतील याची खात्री केली, मग पहिला जोडला. अण्णांनी तार छेडली आणि आम्ही तिघांनीही मान वर केली. जवळजवळ तोच आवाज. अण्णांचा चेहरा खुलला. दुसरा जोडला, तो मवाळ निघाला. खाली गोल, मध्ये जरा मागं सरकलेला. अण्णांनी दोन मिनिटांत तो थांबवला आणि पहिलाच बसव म्हणाले.

तोवर अक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुसरा आणखी एकदा वाजव."

अण्णा वाजवायला लागले आणि अक्का बसल्या जागी हलक्यानं गायला लागल्या. आमचंच रोजचं गाणं. पण कडव्याच्या शेवटी त्यांचा आवाज खाली उतरला आणि तिथंच थांबून राहिला. रुंद, ओलसर, कुणी शेजारी बसून बोलावं तसा. बावीस वर्षांत तो आवाज मी ऐकलेला नव्हता. दानेश्वरीच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

अण्णांनी गिटार मांडीवर आडवी केली. "अक्का, हे कुठं ठेवलं होतं?"

"इथंच होतं. तुझी गिटार माझ्या गळ्याच्या जागेवरच वाजायची, रत्ना. म्हणून मी वर चढून गायचे."

"कामून सांगितलं न्हाईस?"

"लोक तुझ्या आवाजावर खूश होते. अन् मला वाटायचं, माझाच गळा कमी पडायलाय."

अण्णा उठून दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले. समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर मागं-पुढं होऊन वळत होता. तो पूर्ण वळून निघून जाईपर्यंत ते तिथंच होते. आत आले आणि दानेश्वरीला म्हणाले, दुसरा बसव. लोक म्हणतील तुमचा आवाज गेला, असं तिनं बजावलं. म्हणू दे, अण्णा म्हणाले.

लोक म्हणालेच. मांडवाच्या मागून आता कुणी आम्हाला पहिल्या तारेवर ओळखत नाही. सुरुवातीचे दोन-तीन कार्यक्रम अण्णांना ते लागलं. गाडीत परतताना ते खिडकीबाहेर बघत बसायचे. मग पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला अक्कांनी एक गाणं काढलं. त्यांची आई जात्यावर म्हणायची ते. सूर फार खालचा, म्हणून मंचावर त्यांनी ते कधी आणलंच नव्हतं. अण्णांनी मध्ये फक्त चार-पाच ठिकाणी तार छेडली. गाणं संपल्यावर बायका पुढं येऊन अक्कांपाशी बसल्या, आणि अण्णा शांतपणे गिटार पुसत होते. मलाही आता त्या गाण्याला ढोलकीवर हात पार हलका ठेवावा लागतो.

मागच्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. रविवारी सकाळच्या बसनं ते बसवकल्याणला दानेश्वरीच्या दुकानात जातात. कुणी गिटारवाला पेटी घेऊन आला की ती स्पीकर जोडते आणि अण्णा ऐकतात. आलेला माणूस आधी आपल्या गिटारबद्दल सांगायला लागतो. अण्णा ऐकून घेतात आणि विचारतात, तुमच्यात गाणारं कोण हाय? बहुतेकांना त्याचं नवल वाटतं. गेल्या महिन्यात औरादकडचा एक जण हे ऐकून तसाच परत गेला आणि पुढच्या रविवारी गाणाऱ्या बहिणीला घेऊन आला. अण्णा आणि ते दोघं दुपारपर्यंत स्पीकर बदलत बसले, आणि दानेश्वरीनं मागच्या घरातून सगळ्यांसाठी भाकरी आणि शेंगाचटणी आणली.