शनिवारच्या मॅचआधीची सही

निवृत्तीनंतर मी रोज सकाळी आमच्या मिशिगनमधल्या गावच्या कॉलेज लायब्ररीत वाचायला जातो. शेजारच्या टेबलावर साठीची एक बाई कॉलेजच्या फुटबॉल टीममधल्या खेळाडूंचा अभ्यास घ्यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती धिप्पाड पोरं आली की मुकाट्याने आपले मोबाइल तिच्यापुढे ठेवत. चूक सापडली की ती बोलायची नाही, नुसती पेन्सिल त्या ओळीवर टेकवायची.

एका शुक्रवारी असिस्टंट कोच फॉर्म घेऊन आला. टीमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूने महिनाभर तिच्या तासाला दांडी मारली होती. कॉलेजच्या नियमाप्रमाणे तिने हजेरीची सही केल्याशिवाय त्याला खेळता येणार नव्हतं.

"फक्त सही करा. उद्या हरलो तर हेड कोचची नोकरी जाईल," तो म्हणाला.

तिने फॉर्म परत सरकवला. "मी सहा हेड कोच पाहिलेत. प्रत्येकाला शनिवार जिंकायचा होता. टीम इतकी वर्षं टिकली ती सोमवारी वह्या घेऊन येणाऱ्या पोरांमुळे. सही मिळणार नाही. मला काढायचं तर खुशाल काढा."

शनिवारी आम्ही दणकून हरलो. खरं सांगतो, मलाही तिचा रागच आला.

सोमवारी तिचं टेबल रिकामं असेल असं वाटलं होतं. ती जागेवर होती, आणि समोर तोच खेळाडू मान खाली घालून लिहीत होता. मी माझी खुर्ची जरा जोरातच ओढली.

"तुम्हीही चिडलात?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"चिडा. पण आवाज नको, इथे अभ्यास चाललाय."