साहेबांच्या बाहुल्याला कुंकू

डूख धरणं वाईट, असं सगळे सांगतात. ज्यांचा चारचौघांत कधी अपमान झालेला नसतो ते जरा जास्तच सांगतात. माझा झाला होता. चाकणच्या आमच्या कंपनीत, भर मीटिंगमध्ये, अकरा माणसांसमोर आणि तोही एका खेळण्यावरून. त्याचा सूड मी सव्वा महिना वाट बघून घेतला, आणि हळदकुंकवाने घेतला.

मी प्लॅस्टिकच्या भागांचे साचे डिझाइन करते. आमची कंपनी मूळची गाड्यांच्या क्लिपा, झाकणं, नळ्या असले भाग करणारी. मध्यंतरी गाड्यांचं काम मंदावलं तेव्हा मालकांनी एका सिनेमाच्या खेळण्यांचं लायसन्स मिळवायचं ठरवलं. सिनेमा विज्ञानाचा होता: काही माणसं परग्रहावर पाणी शोधायला जातात, तिथे अडकतात, आणि शेवटी एका खटारा खोदगाडीच्या जोरावर परत येतात. खेळण्यांसाठी मालकांनी बाहेरून एक साहेब आणला. वैशाखात साहेब रुजू झाले आणि त्यांच्या आधी त्यांचं काचेचं कपाट केबिनमध्ये आलं.

कपाटात देशोदेशीच्या सिनेमांचे बाहुले होते. सगळे आपापल्या खोक्यात बंद. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं. साहेब कौतुकाने सांगायचे, खोकं उघडलं की वस्तू मेली. मला ते ऐकून माझ्या लहानपणची एक बैठकीची खोली आठवायची. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. त्यांच्या अधिकाऱ्याकडे आम्ही दिवाळीत भेटायला गेलो की त्यांचा मुलगा कपाटातली आगगाडी दाखवायचा आणि म्हणायचा, "हात नको लावूस, नुसती बघ." मी नुसती बघायचे. घरी येऊन वडिलांनी आणलेली बाटल्यांची रद्दी झाकणं खिळ्यात ओवून त्याची गाडी करायचे आणि ती जिन्यावरून आपटत न्यायचे. म्हणजे खेळण्याची माझी शाळा वेगळी होती.

मालकांनी मला एक खेळणं सुचवायला सांगितलं. मी सिनेमा भाचीला घेऊन बघितला. ती सहा वर्षांची, ताथवड्याला माझ्याच सोसायटीत बहिणीकडे राहते. पांढऱ्या पोशाखातल्या हिरोवर साऱ्या जाहिराती, पण ही सबंध सिनेमाभर खोदगाडी कुठे गेली तेवढंच विचारत होती. घरी आल्यावर मी तिला दोन चित्रं काढून दाखवली. हिरोकडे बघून ती म्हणाली, "हा काय करतो?" गाडीकडे बघून म्हणाली, "हिच्यात कोण बसतं?" मोठ्या माणसाला वस्तू कशी दिसते याच्याशी मतलब असतो, पोराला तिचं काय करता येईल याच्याशी. एवढं शहाणपण मला त्या दोन प्रश्नांत मिळालं.

म्हणून मी खोदगाडी केली. सहा जाड चाकं, अंगठ्याने उघडेल असं दार, आणि आतली जागा मुद्दाम रिकामी. तिथे खोडरबर बसावं, शेंगदाणा बसावा, दुसऱ्या कुठल्या खेळण्यातलं माकड बसावं. टोकदार काही नाही, कारण पोरं चावतात. रंगवलेलं काही नाही, कारण पोरं आंघोळीला घेऊन जातात. आणि मागच्या आसावर एक दात्यांची चकती, म्हणजे ढकलली की बॅटरीशिवाय टर्रर्र आवाज. त्या आवाजावर मी तीन आठवडे घालवले. मालकांना ती आवडली, म्हणून चाचणीचा एक साचाही टूलरूममध्ये तयार झाला.

मग ती मीटिंग झाली. साहेबांनी माझं ड्रॉइंग पडद्यावर लावलं आणि शेजारी स्वतःची कल्पना लावली: वीतभर उंचीचा हिरो, हाताने रंगवलेला, मॅट पांढरा, पाठीवर केसासारखी बारीक अँटेना, क्रमांक छापलेलं सीलबंद खोकं.

"मॅडम, हा जत्रेतला खुळखुळा आहे," साहेब म्हणाले. "आपण खेळणी जमवणाऱ्या कलेक्टरसाठी प्रॉडक्ट करतोय. लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणार. आता तुमच्याकडे जपून ठेवायची सवय नसेल, तर मी समजू शकतो."

'तुमच्याकडे' म्हणजे कुणाकडे, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं, आणि तरी दोघं-तिघं हसले. मालकांनी घड्याळाकडे बघितलं. मी ड्रॉइंगच्या प्रती गोळा केल्या, त्या नीट एकावर एक लावल्या आणि जागेवर येऊन बसले. रडले नाही. त्या दिवशी मी ठरवलं, ह्या माणसाचं नाक त्याच्याच बाहुल्याने कापायचं.

मालकांचा निर्णय असा झाला की खंडेनवमीला सिनेमावाल्या कंपनीच्या बाई मुंबईहून येतील, त्यांना वर मीटिंगच्या खोलीत साहेबांचा बाहुला बनवून दाखवायचा. खोदगाडीचे चार पीस काढून ठेवावेत, पण ते दाखवायचे की नाही हे साहेब ठरवतील. साहेब काय ठरवणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. बाईंनी बाहुला पसंत केला की माझा साचा भंगारात जाणार आणि मी परत क्लिपांवर.

आता खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी आमच्याकडे मशिनं बंद असतात. आदल्या दिवशी ती धुऊनपुसून घेतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि कामगार बायकापोरांना कंपनी दाखवायला आणतात. पूजा सगळीकडेच होते. पण आमच्या कंपनीची एक स्वतःची रीत आहे. वर्षभरात जे नवीन काम सुरू झालं असेल त्याचा पहिला पीस सगळ्यात जुन्या मशिनपुढच्या टेबलावर मांडायचा आणि सगळ्यात जुन्या ऑपरेटरने त्याला हळदकुंकू लावायचं. पूजा झाल्याशिवाय पीस गिऱ्हाइकाला जात नाही. वैशाखात आलेल्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं, आणि विचारायची त्यांना सवय नव्हती.

सगळ्यात जुने ऑपरेटर म्हणजे मामा. मामा तिथल्याच गावचे. आमची कंपनी उभी आहे ती जमीन त्यांच्या भावकीची होती, आणि तिच्या बदल्यात लागलेली नोकरी ते पंचवीस-तीस वर्षं इमानाने करत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कुणीही सांगितलेलं काम ते मान खाली घालून करत. त्या गुणाचा मी फायदा घेतला, हे सरळ लिहिते.

खंडेनवमीच्या सकाळी साहेबांनी मामांना सांगितलं की अकरा वाजता बाहुल्याचं खोकं कपाटातून काढून वर आणा. मामा खोकं घेऊन निघाले तेव्हा मी पूजेच्या टेबलापाशी उभी होते.

"मामा, साहेबांचा पहिला पीस पूजेत नाही दिसत," मी म्हणाले.

मामा थबकले. "आरं व्हय की! पर सायबांनी वर न्यायला सांगितलंय."

"मग पूजा करून न्या. बिनपूजेचा पीस गिऱ्हाइकाला कधी दाखवलाय आपण?"

"न्हाई, ते बी खरंच. पर ह्यो तर खोक्यात हाय."

"आणा, मी उघडून देते."

खिशातल्या कटरने मी सील कापलं, बाहुला बाहेर काढला आणि मामांच्या हातात दिला. मी स्वतः हळदकुंकू वाहत नाही. आमच्या घरात ती रीत नाही, आणि हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे माझ्यावर कुणाचा संशय येणार नव्हता. मॅट पांढऱ्या रंगावर ओलं कुंकू बसलं की ते जन्मात निघत नाही, हे मला माहीत होतं. मामांना नव्हतं.

मामांनी मन लावून पूजा केली. अंतराळवीराच्या कपाळाला हळद लावली, वर ओलं कुंकू लावलं, हात आखडता कशाला म्हणून छातीलाही दोन बोटं ओढली. अक्षता टाकल्या आणि काखेत एक झेंडू खोचला. लाल ओघळ गळ्यापर्यंत आला तेव्हा माझ्या पोटात जो गारवा पडला तो मी अजून विसरलेले नाही.

माझ्या चार खोदगाड्या मी टेबलाच्या अगदी कडेला मांडल्या होत्या, लहान मुलांचा हात पोचेल इतक्या कडेला. आरती संपायच्या आत चारही खाली उतरल्या. सिमेंटच्या फरशीवर टर्रर्र टर्रर्र सुरू झालं आणि मशिनं बंद असूनही कारखाना चालू असल्यासारखं वाटायला लागलं. एकाने गाडीत बत्तासा बसवला, एकाने आईचं कानातलं. मामांच्या पाच वर्षांच्या नातीने बाहुला उचलला आणि ती त्याला गाडीत कोंबू लागली. तो कसला मावतोय! तिने जोर लावला आणि अँटेना काडकन मोडली.

तेवढ्यात खोकं वर का आलं नाही म्हणून साहेब शोधत खाली आले. मागे मुंबईच्या बाई, त्यांच्यामागे मालक.

साहेबांनी बाहुला बघितला. मग त्यांचा आवाज फुटला तो असा, की आरतीचं तबक धरलेली बाई दचकून मागे सरली. "कुणी उघडलं हे? कुणी हात लावला? मामा, अक्कल गहाण ठेवलीय का तुम्ही? अडाणी लोक आहात नुसते!"

सणाचा दिवस, मामांची बायको शेजारी उभी, सून उभी. मामांच्या बोटांना कुंकू तसंच होतं.

नात पुढे झाली आणि तिने बाहुला साहेबांपुढे धरला. "घ्या तुमचा. ह्याला बसता येत न्हाई."

मुंबईच्या बाई हसल्या. आणि मग चक्क फरशीवर उकिडव्या बसल्या. "मला देतेस का ती गाडी जरा?"

"न्हाई," नात म्हणाली.

बाईंनी दुसऱ्या मुलाकडे मागितली. त्यानेही दिली नाही. चारांपैकी एकही गाडी त्यांना हातात घेऊन बघायला मिळेना. शेवटी त्या मालकांना म्हणाल्या, "ही कुणी केली? हीच करूया आपण. आणि हा आवाज काढू नका हं, प्लीज." मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब कुंकवाने माखलेला बाहुला हातात धरून उभे होते, तो ठेवायला त्यांना जागा सापडत नव्हती. मी त्यांच्याकडे मान वर करून, हवा तेवढा वेळ बघून घेतलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून आईला घेऊन देहूरोडच्या बुद्धविहारात गेले, तर वंदनेला डोळे मिटल्यावरही मला साहेबांचा तो चेहराच दिसत होता. पुढे खोदगाडी दुकानात आली. चिंचवड स्टेशनच्या बाहेर एक पोरगं ती पायरीवरून आपटत नेताना मी बघितलं, आणि आधी साहेबांची आठवण झाली, मग गाडीची.

पण हे पुढचं झालं. त्याआधी, दसऱ्याची सुट्टी संपल्यावर, साहेबांनी मामांकडे लेखी खुलासा मागितला. सीलबंद सॅम्पल कुणाच्या परवानगीने उघडलं, तीन दिवसांत उत्तर द्या, नाहीतर कारवाई होईल. खरं मला सांगता आलं असतं. पण सांगितलं की साहेब म्हणणार, बघा, मी म्हणत होतोच, ह्यांच्याकडे हे असंच. त्यांच्या तोंडून ते वाक्य परत ऐकण्यापेक्षा मी गप्प बसले.

जेवणाच्या सुट्टीत मामा कँटीनमध्ये माझ्या टेबलापाशी आले. हातात कोरा कागद होता.

"ताई, तुमचं अक्षर चांगलं हाय. येवढं लिवून द्या."

मी पेन काढलं. ते सांगत गेले, मी नीट मराठीत मांडत गेले. सॅम्पल मी उघडले. कंपनीच्या रीतीप्रमाणे पूजा केली. नुकसान झाले ही माझी चूक आहे. पुन्हा असे होणार नाही, क्षमा असावी. लिहिताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"झालं, मामा."

"वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. मग त्यांनी शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हितं आजून येक लिवा. मला ह्ये कुणी करायला सांगितलं न्हवतं, आसं."

मी वर बघितलं. मामांच्या तोंडावर राग नव्हता. माझ्याविषयी काही विचारायचं होतं असंही नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते मी लिहायची वाट बघत होते.

मला लाज वाटली. तरी मी ते वाक्य लिहिलं, बाकीच्या ओळींइतक्याच सुवाच्य अक्षरात, आणि त्यांनी खाली सही केली.