तीन महिने भरेपर्यंत

आशाताईच्या रजिस्टरात एका बाईला एकच ओळ मिळते. बाकीचं सगळं पोटात ठेवावं लागतं, आणि अकरा वर्षांत माझं पोट गच्च भरलंय! लोहा तालुक्यातलं आमचं गाव. इथं दिवस गेल्याचं तीन महिने भरेपर्यंत घराबाहेर सांगत नाहीत, नजर लागते म्हणे. आणि मला तर नोंद हवी बारा आठवड्यांच्या आत! तपासणी, गोळ्या वेळेत नकोत? मीही हट्टाला पेटले. फोडणीच्या वासानं कोण नाक दाबतंय, शेतातून कोण सारखं आडोशाला पळतंय, माझं बारीक लक्ष असतं.

*

नववा आठवडा वासाचा. एक नवरा तक्रार घेऊन आला.

"ताई, बायको जवळच येऊ देईना. म्हणती, तुमचा वास सहन होत न्हाई. कायतरी औषध द्या."

मी साबणाची वडी हातावर ठेवली.

"ही तिनं लावायची?"

"तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या पुन्हा हजर. "आता म्हणती, साबणाचा वास येतो!"

*

पुढं झोप अनावर होते. आमच्या शाळेतल्या बाई वर्गात टेबलावर डोकं ठेवून चक्क झोपल्या. तिसरीची पोरं शहाणी, बाई उठू नयेत म्हणून चिडीचूप बसली. हेडमास्तर तेवढ्यात व्हरांड्यातून गेले. संध्याकाळी सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "वर्गाला शिस्त कशी लावावी, हे बाईंकडून शिका!"

*

रेखाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षी दहाव्या आठवड्यात तिचा गर्भ पडला होता. या वेळी ती गुपचूप आली.

"ताई, दिवस गेलेत. लई भ्या वाटतंय. पण मी तुमच्याकडं आले, हे सासूबाईंना कळू देऊ नगा. तीन महिने घराबाहेर शब्द काढायचा न्हाई, म्हणल्यात."

तासाभरानं तिची सासू गयाबाई, तोंडावर पदर घेऊन!

"ताई, सुनेला तपासून आणा. पण म्या सांगितलं म्हणू नगा. घरात सगळ्यांची तोंडं मीच बंद केलीत, माझी काय पत राहील?"

मी ठरवलं, दोघींचं गुपित राखायचं, पण रेखाला सोनोग्राफीसाठी नांदेडला न्यायचंच.

गयाबाई म्हणाली, "सोमवारी मी मुद्दाम भोकरला लेकीकडं जाते. तवा न्या."

संध्याकाळी रेखा धापा टाकत आली. "ताई, नशीबच म्हणायचं! सोमवारी सासूबाई भोकरला चालल्यात!"

सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले. रेखानं माझा हात घट्ट धरला आणि रडली. मलाही रडू आवरेना.

तरी दहावा आठवडा उलटेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. रोज काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या गल्लीत जायची. दहावा गेला. अकरावा गेला. बारावाही गेला.

तीन महिने भरले त्या दिवशी सासू-सून पेढे घेऊन माझ्या दारात.

"सुनेला दिवस गेलेत!" गयाबाईनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

"अगं बाई! खरंच?" मी म्हणाले.

"हाव! गावात पयलं तुमालाच सांगायला आलो," गयाबाई म्हणाली. "तुमच्यापासून काय लपवायचं, ताई!"